अशीरगडची खिंड आणि रेणूंची अदलाबदल

बुऱ्हाणपुराहून खांडव्याकडे निघालेल्या प्रवाशाला सुमारे वीस किलोमीटर गेल्यावर सातपुड्याच्या रांगेत अशीरगडाचा उभा कडा दिसू लागतो. दक्षिणेस तापीचे खोरे, उत्तरेस नर्मदेचे खोरे आणि या दोहोंच्या मध्ये सातपुडा. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जावयाचे तर डोंगर ओलांडणे भाग आहे, आणि डोंगर ओलांडावयाचा तर तो जेथे सर्वांत कमी उंच आहे तेथूनच ओलांडणे शहाणपणाचे. ती वाट या गडाच्या नजरेखालून जाते. म्हणूनच अशीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत असत. फारुकी सुलतानांनी तो प्राणपणाने जपला. अकबराने दीर्घकाळ वेढा घालून १६०१ च्या जानेवारीत तो घेतला. पुढे १८१९ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. ज्याच्या हाती गड, त्याच्या हाती खिंड, आणि ज्याच्या हाती खिंड, त्याच्या हाती दोन्ही खोऱ्यांमधील ये-जा, असे हे साधे गणित होते.

या गणितातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर किती उंच आहे, याच्याशी प्रवाशाला कर्तव्य नसते. त्याला प्रश्न पडतो तो एवढाच, की खिंड किती उंच आहे आणि ती चढण्याइतके बळ आपल्या अंगी आहे की नाही. पदार्थाच्या अंतरंगात रेणू जेव्हा एकमेकांच्या जागा घेतात, तेव्हा त्यांच्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. रेणूच्या अंगचे बळ म्हणजे त्याच्या वाट्याला आलेली उष्णता. तेव्हा उष्णतामान वाढले असता ही अदलाबदल कशी व किती वाढते, आणि मूठभर रेणूंच्या लहानशा पुंजात तिला कोणते वेगळे रूप येते, हे पाहण्यास अशीरगडची खिंड हा एक चांगला आरंभ आहे.

प्रथम पुंज म्हणजे काय ते पाहू. मिठाच्या एका कणात अणूंची संख्या इतकी प्रचंड असते की ती लिहिताना शून्ये मोजण्याचाही कंटाळा यावा. याउलट दहा, वीस, फार तर काहीशे अणू किंवा रेणू एकत्र येऊन जो गट बनतो, त्याला शास्त्रज्ञ पुंज म्हणतात. आरगॉन वायूचे उदाहरण घ्यावे. त्याचा रेणू एकाच अणूचा असतो. अतिशय थंड अवस्थेत आरगॉनचे तेरा अणू एकत्र आले तर एक अणू मध्यभागी बसतो आणि बाकीचे बारा त्याच्याभोवती अशा रीतीने बसतात की वीस त्रिकोणी बाजूंची एक सुबक आकृती तयार होते. येथे जागा दोन प्रकारच्या आहेत. एक मधली आणि बारा बाहेरच्या. मधल्या अणूला बारा शेजारी आहेत, तर बाहेरच्या प्रत्येकाला सहाच.

आता तेरा मुलांचा एक वर्ग कल्पावा. तेरा बाके, तेरा मुले आणि एकही बाक रिकामे नाही. मुले जागच्या जागी चुळबुळ करतील, डोलतील, पण कोणालाही दुसऱ्याच्या जागी जाता येणार नाही, कारण जाण्यास जागाच नाही. इतक्यात एक मूल उठून व्हरांड्यात गेले. एक बाक मोकळे झाले. शेजारचे मूल तेथे सरकले, त्याच्या जागी तिसरे आले, आणि व्हरांड्यातील मूल परतले तेव्हा जी जागा मोकळी सापडली तेथे बसले. गुरुजी वर्गात आले तेव्हा तेराही बाके पूर्वीप्रमाणेच भरलेली होती, वर्गाचा आकार तोच होता, पण कोण कोठे बसले आहे हा हिशेब मात्र बदलला होता. आरगॉनच्या पुंजात बहुतांशी असेच घडते. बाहेरचा एखादा अणू उसळून पुंजाच्या पृष्ठावर येतो, मागे एक पोकळी ठेवतो, आणि त्या पोकळीच्या आधाराने इतरांची हालचाल सुरू होते. यालाच स्थानविनिमय म्हणावयाचे.

व्हरांड्यात जाण्यासाठी त्या अणूला शेजाऱ्यांची ओढ तोडावी लागते. ही ओढ तोडण्यास लागणारी ऊर्जा म्हणजेच त्याची खिंड. ही ऊर्जा त्याला मिळते कोठून? पुंजातील सर्व अणू अखंड कंप पावत असतात आणि आपसांत ऊर्जेची देवाणघेवाण करीत असतात. उष्णतामान हे या ऊर्जेच्या सरासरीचे माप आहे. परंतु सरासरी म्हणजे प्रत्येकाचा वाटा नव्हे. क्षणोक्षणी कोणाच्या वाट्याला थोडी कमी, कोणाच्या वाट्याला थोडी अधिक ऊर्जा येते, आणि क्वचित एखाद्याच्या वाट्याला एकदम इतकी येते की तो खिंड चढून पलीकडे जातो. असा योग किती वेळा येईल याचा नियम स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस याने १८८९ मध्ये मांडला. खिंडीच्या उंचीला उष्णतामानाने भागावे. जो आकडा येईल तो जितका मोठा, तितकी पलीकडे जाण्याची शक्यता घटते. आणि ती थोडीथोडकी नव्हे, तर पटीपटीने घटते.

हा पटीचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. येथे उष्णतामान केल्विनच्या मापाने घेतले आहे, म्हणजे ज्याचे शून्य सेल्सिअसच्या शून्याखाली २७३ अंशांवर असते त्या मापाने. समजा, एक अणू सेकंदाला एक लाख कोटी वेळा कंप पावतो, म्हणजे तितक्या वेळा तो खिंडीला धडक देऊन पाहतो; आणि खिंडीची उंची उष्णतामानाच्याच मापात १००० केल्विन आहे. उष्णतामान १०० केल्विन असेल तर तो सेकंदाला सुमारे साडेचार कोटी वेळा पलीकडे जाईल. ते निम्मे, म्हणजे ५० केल्विन केले, तर सेकंदाला सुमारे दोन हजार वेळाच. पुन्हा निम्मे करून २५ केल्विनवर आणले, तर पावणेतीन दिवसांत एकदा. आणि २० केल्विनवर? तेथे एका उडीसाठी एकशेसाठ वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागेल. शेवटच्या पायरीवर उष्णतामान अवघे पाच अंशांनी उतरले, पण प्रतीक्षा तीन दिवसांवरून पाच पिढ्यांवर गेली. चुलीवरचे पाणी थोडे अधिक तापविले तर थोडे अधिक गरम होते. त्यावरून उष्णता आणि तिचा परिणाम नेहमी सारख्याच प्रमाणात चालतात असे आपण धरून चालतो. स्थानविनिमयाच्या बाबतीत ही समजूत सर्वस्वी चुकीची ठरते.

येथे एक शंका मनात येणे साहजिक आहे. आरगॉनचे सर्व अणू हुबेहूब सारखे. मग दोघांनी जागा बदलल्या हे ओळखावे कसे? या शंकेचे एक उत्तर अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन या पद्धतीने दिले. अणूचे केंद्रक लहानशा चुंबकासारखे वागते आणि बलवान चुंबकीय क्षेत्रात त्याला विशिष्ट कंप्रतेच्या रेडिओलहरी शोषून घेता येतात. ही कंप्रता त्याच्या शेजाराप्रमाणे किंचित बदलते. अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड या तिघांनी १९५१ मध्ये अल्कोहोलच्या रेणूतील हायड्रोजनच्या तीन प्रकारच्या जागांच्या तीन वेगळ्या खुणा दाखवून दिल्या. यांपैकी धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला.

आता दोन जागांतील अणू जर आपसांत जागा बदलू लागले तर काय दिसेल? विजेचा पंखा सावकाश फिरत असताना त्याची पाती वेगवेगळी दिसतात. वेग वाढला की पाती दिसेनाशी होऊन एकच धूसर चकती दिसते. त्याचप्रमाणे अदलाबदल संथ असेल तर दोन जागांच्या दोन खुणा उमटतात, आणि ती वेगवान झाली की दोन्ही मिळून मध्यभागी एकच खूण उमटते. गुटोव्स्की व होम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये डायमिथिलफॉर्मामाइडसारख्या द्रवांवर हे पडताळून पाहिले. साध्या उष्णतामानाला या रेणूतील दोन मिथिल गटांच्या दोन खुणा स्पष्ट दिसतात. द्रव तापवीत गेले की त्या जवळ येतात आणि अखेर एकरूप होतात. कोणत्या उष्णतामानाला त्या एकरूप झाल्या यावरून खिंडीची उंची काढता येते. दुसरे उत्तर गणकयंत्राचे. गणकयंत्रात प्रत्येक अणूला क्रमांक देता येतो, आणि मग सारख्या दिसणाऱ्या अणूंचाही प्रवास क्षणाक्षणाला लिहून ठेवता येतो.

गणकयंत्राच्या या हजेरीपटावरूनच लहान पुंजांचे एक विलक्षण वैशिष्ट्य उघड झाले. शिकागो विद्यापीठातील जेलिनेक, बेक आणि बेरी यांनी १९८६ मध्ये तेरा आरगॉन अणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुष्कळ आरगॉन एकत्र असेल तर तो ८४ केल्विनच्या किंचित खाली वितळतो, आणि वितळण्याचा तो बिंदू ठरलेला असतो. त्याच्या खाली घन, वर द्रव. तेरा अणूंच्या पुंजात मात्र असा एकच बिंदू सापडला नाही. सुमारे ३४ केल्विनच्या आसपास हा पुंज काही काळ घनासारखा वागे. सर्व अणू आपापल्या जागी कंप पावत राहत. मग एकाएकी व्हरांड्याचा खेळ सुरू होई, जागांची सरमिसळ होई आणि पुंज द्रवासारखा वागे. थोड्या वेळाने पुन्हा शिस्त येई. घन आणि द्रव ही त्याची दोन रूपे आळीपाळीने प्रकट होत.

याचे कारण संख्येत आहे. लाखो माणसांच्या शहरात दहा माणसे परगावी गेली तर शहराला त्याचा पत्ताही लागत नाही. तेरा माणसांच्या घरातून एकजण गेला तर घराची सारी घडी बदलते. मोठ्या पदार्थात ऊर्जेचे चढउतार एकमेकांना भरून काढतात, म्हणून सरासरीचे राज्य चालते. लहान पुंजात ते भरून निघत नाहीत, म्हणून एकेका अणूच्या उडीला महत्त्व येते. तेव्हा 'हा पुंज वितळला काय?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. 'या उष्णतामानाला यातील अणू किती वेळा जागा बदलतात?' हा प्रश्न मात्र नेमका आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यात देता येते. घन आणि द्रव यांतील भेदाचे मूळ या अदलाबदलीतच आहे, हे लहान पुंजांनी दाखवून दिले.

पुंज जितका लहान तितके त्याचे अधिकाधिक अणू पृष्ठभागावर असतात. तेरांपैकी बारा, पंचावन्नांपैकी बावन्न नव्हेत तरी बेचाळीस, एकशेसत्तेचाळीसांपैकी ब्याण्णव. पृष्ठावरील अणूला शेजारी थोडे, म्हणून त्याची खिंडही बुटकी. तेव्हा लहान कण मोठ्या तुकड्याच्या आधी वितळावा, असे अनुमान निघते, आणि ते पुष्कळदा खरेही ठरते. बुऱ्हाणपूर एके काळी जरीकामासाठी प्रसिद्ध होते. जरीच्या तारेतील सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. पण तेच सोने दोन-तीन नॅनोमीटरच्या कणात असेल तर त्याच्या कितीतरी शे अंश आधीच वितळू लागते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हाबरलांड यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये सोडियमच्या १३९ अणूंचा पुंज मोजून पाहण्यात आला. सोडियमचा मोठा तुकडा ३७१ केल्विनला वितळतो. हा पुंज सुमारे २६७ केल्विनलाच वितळला.

मग २००३ मध्ये गॅलियमने या सरळ अनुमानाला धक्का दिला. गॅलियम हा विलक्षण धातू आहे. तो ३० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. तळहातावर ठेवला तरी पाणी होतो. वैशाखात बुऱ्हाणपुरास तो बाटलीत घालून फडताळात ठेवला तर दुपारी द्रवरूपातच आढळेल. असा नरम धातू लहान पुंजात तर कडाक्याच्या थंडीतही द्रव राहील, असा अंदाज होता. त्याचा द्रवणांक मोठ्या तुकड्याच्या द्रवणांकाहून खाली जावा असे वाटत होते. परंतु अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात जॅरोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ व ४० गॅलियम अणूंचे विद्युत्‌भारित पुंज तपासले, तेव्हा वितळण्याची खूण सुमारे ५५० केल्विनला, म्हणजे पावणेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास दिसली. मोठा तुकडा तळहातावर वितळतो आणि चाळीस अणूंचा पुंज उकळत्या पाण्याहूनही तप्त असताना घनच राहतो, हे कोणालाही चमत्कारिक वाटावे असेच होते.

या कोड्याचा उलगडा करण्याच्या कामी महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. तेव्हाच्या पुणे विद्यापीठात, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, दिलीप कान्हेरे यांच्या भोवती पुंजांचा अभ्यास करणाऱ्यांची एक मंडळी जमली होती. चाको, कविता जोशी आणि कान्हेरे यांनी फ्रान्समधील ब्लंडेल यांच्यासमवेत गणकयंत्रावर १३ आणि १७ गॅलियम अणूंचे पुंज तापवून पाहिले. हे काम चिकाटीचे असते. सेकंदाच्या अब्जांशाचाही दहा लाखावा हिस्सा घ्यावा. अशा एकदोन हिश्शांइतक्या काळाने गणित पुढे सरकते, आणि प्रत्येक पावलाला इलेक्ट्रॉनांची मांडणी नव्याने सोडवून त्यावरून प्रत्येक अणूवरील बल काढावे लागते. अशी असंख्य पावले एका उष्णतामानासाठी, आणि अशी अनेक उष्णतामाने. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १७ अणूंच्या पुंजाचा द्रवणांक सुमारे ६५० केल्विन आणि १३ अणूंच्या पुंजाचा सुमारे १४०० केल्विन निघाला.

कारणही त्यांनी स्पष्ट केले. गॅलियमच्या मोठ्या तुकड्यात बंध संमिश्र असतात; काही अंशी सहसंयुज, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने झालेले बळकट बंध, तर काही अंशी धातूतले सैल बंध. लहान पुंजात हे सैल बंध मागे पडतात आणि अणू मुख्यतः सहसंयुज बंधांनी बांधले जातात. अशीरगडाच्या भाषेत सांगावयाचे तर डोंगर लहान झाला, पण खिंड मात्र उंच झाली. पृष्ठभागावरच्या अणूला शेजारी थोडे हे खरे; परंतु जे आहेत त्यांनी त्याचा हात घट्ट धरलेला असतो. शेजाऱ्यांच्या संख्येइतकेच त्यांच्या नात्याचे स्वरूपही महत्त्वाचे असते.

गॅलियमचे आश्चर्य येथेच संपले नाही. ३१ अणूंचा पुंज तापविताना वितळण्याची खूण ठळक उमटते. त्यातून एक अणू काढून ३० केले की ती खूण जवळजवळ नाहीशीच होते. एका अणूने इतका फरक का पडावा? कविता जोशी, कृष्णमूर्ती आणि कान्हेरे यांनी २००६ मध्ये याचे उत्तर पुंजाच्या मूळ रचनेत शोधले. एकतिसांच्या पुंजातील अणूंची मांडणी अधिक सुव्यवस्थित आहे. पुष्कळ अणूंचा शेजार सारखा, म्हणून त्यांच्या खिंडीही सारख्याच उंचीच्या, आणि म्हणून ते एकदमच हलू लागतात. तिसांच्या पुंजात जवळजवळ प्रत्येकाची परिस्थिती निराळी. कोणी आधी जागा सोडतो, कोणी मागाहून, आणि वितळणे उष्णतामानाच्या रुंद पट्ट्यावर पसरून जाते.

आता थंडीच्या टोकाकडे वळू. वरच्या हिशेबाप्रमाणे निरपेक्ष शून्याजवळ सर्व अदलाबदल थांबली पाहिजे. जड अणूंच्या बाबतीत तसे होतेही. पण हायड्रोजनसारख्या हलक्या अणूपुढे आणखी एक वाट खुली असते. मुंबईहून पुण्याला जाणारी आगगाडी बोरघाटाचा माथा गाठत नाही. ती बोगद्यांतून पलीकडे निघते. पुंजयांत्रिकीच्या नियमांनुसार हलका कण खिंड न चढताही पलीकडे आढळू शकतो, आणि या बोगद्यातून जाण्यास उष्णतेची गरज नसते. पाण्याच्या सहा रेणूंचा पुंज पिंजरा, लोलक आणि उघडे पुस्तक अशा तीन आकारांत आढळतो, हे २०१२ मध्ये प्रयोगाने दिसून आले. त्यांत पिंजऱ्याचा आकार सर्वांत कमी ऊर्जेचा ठरला. २०१६ मध्ये असे आढळले, की लोलकाच्या आकारात अतिशीत अवस्थेतही दोन रेणू एकाच वेळी वळून आपले हायड्रोजन बंध तोडतात व नवे जोडतात, आणि तेही अशा बोगद्यातून. उष्णतामान चढविले तर खिंडीची वाट वाहू लागते. उतरविले तर ती ओस पडते, पण बोगदा उघडाच राहतो.

हे सारे जाणून घेण्याची खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. एरवी कशाशीही सहसा संयोग न पावणारे सोने काही नॅनोमीटरच्या कणांत विभागले असता विषारी कार्बन मोनॉक्साइडचे थंड हवेतही ज्वलन घडवून आणते, हे जपानच्या हारुता यांनी १९८७ मध्ये दाखविले. अशा उत्प्रेरकांचे सारे सामर्थ्य त्यांच्या पृष्ठावरील अणूंच्या मांडणीत असते. उष्णतामान वाढून ते अणू जागा सोडू लागले, तर कणांचे आकार बदलतात, ते एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि उत्प्रेरक निकामी होतो. गाडीच्या धुराड्यापासून रासायनिक कारखान्यापर्यंत जेथे जेथे असे कण राबतात, तेथे त्यांचे अणू किती उष्णतेपर्यंत जागा धरून राहतील हा रोकड्या व्यवहाराचा प्रश्न आहे. आणि गॅलियमने शिकविले ते असे, की मोठ्या तुकड्यावरून लहान पुंजाचे भाकीत करू नये; तीस अणूंवरून एकतिसाचेही करू नये. प्रत्येकाची खिंड स्वतंत्रपणे मोजावी लागते.

अशीरगडावर आज पहारा नाही. दोन खोऱ्यांमधील वाहतूक दिवसरात्र चालू असते आणि गडाची तटबंदी ती मुकाट्याने पाहत असते. पलीकडे कोण जाईल व किती जातील, हे डोंगराच्या भव्यतेवर नव्हे तर त्या एका खिंडीच्या उंचीवर आणि प्रवाशाच्या बळावर ठरत आले. तेरा अणूंच्या चिमुकल्या पुंजातही कायदा तोच आहे.